वेगमर्यादा वाढवण्याआधी डाळजच्या फाट्यावर उभे राहा

मागच्या महिन्यात आमच्या दोस्तांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. गाडीचा काटा 140 वर, बाजूने उसाच्या ट्रॉल्या भराभर मागे पडताहेत, वर मोठ्या आवाजात गाणं. खाली एकाने लिहिलं, "रस्ते आता फॉरेनसारखे झालेत, सरकारने लिमिटच वाढवून टाकावी." त्याला पटापट अंगठे मिळाले. त्यातला एक माझा होता.

रस्ता आमच्याच दाराचा होता. पुणे-सोलापूर महामार्ग. जुनी माणसं अजून त्याला नऊ नंबरच म्हणतात, सरकारी कागदावर तो आता 65 आहे. भिगवण मागे पडलं की डाळज येतं, पुढे पळसदेव, मग इंदापूर. एका अंगाला उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. उजनी धरण भरलं तेव्हा भीमाकाठची गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी ओसरलं की वर दिसतं. नदीकाठचा माणूस वर सरकला आणि रस्त्याला लागून राहू लागला. नंतर तोच रस्ता चौपदरी झाला. म्हणजे शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, आणि मधे हैदराबादची वाहतूक.

अंगठा दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी मामूंकडे गेलो होतो. मामूंचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. मासळीचा क्रेट सायकलला बांधून ते पहाटे रस्ता ओलांडत होते आणि एका मोटारीने उडवलं. गाडीवाला प्यायलेला नव्हता, पळूनही गेला नाही. त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं. तो नव्वदच्या आसपास होता, म्हणजे कायद्याच्या आत. घरात सगळे म्हणाले, नसीब. मीही तेच म्हणत आलो. पण नव्वदच्या जागी गाडी साठवर असती तर? हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण ग्रुपवर त्याबद्दल बरंच हवेत बोललं जातं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 112 खाली केंद्र सरकार कमाल वेग ठरवतं. एप्रिल 2018 च्या अधिसूचनेने तो वाढवला: मोटारीला द्रुतगती मार्गावर ताशी 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100, त्याच चौपदरीवर बसला 90, मालवाहू गाडीला आणि दुचाकीला 80. अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या एका दंतवैद्याच्या भरपाईच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने 2021 साली ही अधिसूचना रद्दबातल ठरवली. त्याच वर्षी नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गावर 140 असावी, असं आपलं वैयक्तिक मत जाहीरपणे मांडलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धीचा पहिला टप्पा खुला झाला, तिथे मोटारींना 120 ची मुभा मिळाली. तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक चौपदरीवर बसलेल्या माणसाला वाटतं, आम्हाला का नाही?

कारण आपल्या चौपदरीवर ट्रॅक्टर आहे. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाने आडवातिडवा फुगलेला, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. तो वीसच्या वेगाने चालतो. तुम्ही 120 ने येताय. दोघांतला फरक ताशी 100 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. रात्री समोरच्या प्रकाशाने डोळे दिपलेले असताना ती काळी ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली, तर तुमच्या हातात दोन सेकंदही नाहीत. त्यातला दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जातो.

दिवसाचंही गणित करून पाहा. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक, दीड सेकंदाची प्रतिक्रिया. 80 च्या वेगाला गाडी पूर्ण थांबायला साधारण 70 मीटर लागतात, 100 ला जवळजवळ 100, आणि 120 ला 130 च्या वर. काटा वीसने पुढे गेला की तीस मीटर गेले. वेग सव्वापट केला तर धडकेची ताकद सव्वापटीवर थांबत नाही, दीडपटीच्याही पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आणि मिळतं काय? शंभर किलोमीटरला दहा मिनिटं. तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. पाटसच्या किंवा सरडेवाडीच्या टोलनाक्यावर एक रांग लागली की ती मिनिटं गेली, आणि हडपसरला पोहोचल्यावर तर विचारूच नका.

यात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. मर्यादा वाढवा म्हणणारा असतो मोटारीत बसलेला माणूस. पट्टा बांधलेला, समोर एअरबॅग. मरतं कोण? 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के, पायी चालणारे 19 टक्क्यांहून जास्त. देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास, पण त्या वर्षीच्या मृत्यूंत त्यांचा वाटा 36 टक्के. महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांवर माणसं गेली. म्हणजे फायदा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याला कुणी विचारलेलंही नाही.

तो दुसरा पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. आपल्या किती पोरांची रोजी रस्त्यावर आहे ते मोजा: टेम्पो, ट्रक, क्लीनर, गॅरेज, पंक्चरचं दुकान, फळांचा गाडा. माझे एक चाचा मासळीचा टेम्पो चालवतात. त्यांना महिन्याचा पगार नाही, खेपेवर पैसे. मर्यादा वाढवायची चर्चा निघाली तेव्हा मला वाटलं ते खूश होतील. ते म्हणाले, "अरे, आज मालक चार तास देतो. लिमिट वाढली की साडेतीन देईल." मी म्हटलं, वाढली तरी ती मोटारींची वाढेल, टेम्पोची नाही. ते हसले. मालकाच्या घड्याळात गाडीचा प्रकार लिहिलेला नसतो. मालक स्वतः मोटारीने दोन तासांत पोहोचला की टेम्पोला तीन तास का लागतात, हे त्याला कळत नाही. दंड मात्र चाचांच्या नावावर: 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार. एका चलनात खेपेची कमाई साफ.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गाड्या खरंच सुधारल्यात. काम संपून वर्ष झालं तरी '30' ची पाटी तशीच राहते, ती कुणी पाळत नाही, आणि एका खोट्या पाटीमुळे पुढच्या चार खऱ्या पाट्यांची किंमत जाते. झाडामागे स्पीडगन घेऊन उभं राहण्याने अपघात थांबत नाहीत, फक्त लोकांचा विश्वास उडतो. हे सगळं मान्य.

जर्मनीचंही उदाहरण हमखास येतं. तिथे ऑटोबानच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाही, 130 ची नुसती शिफारस आहे. पण त्या रस्त्यावर पायी माणसाला, सायकलला आणि ताशी साठच्या वर जाऊ न शकणाऱ्या वाहनाला बंदी आहे. आमच्या फाट्यावर हे तिन्ही एकाच वेळी दिसतात, वर एक म्हैस. अमेरिकेने तेलटंचाईत, 1974 साली, देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आणली आणि 1995 साली ती पूर्ण उठवली. पुढच्या दहा वर्षांत त्यामुळे साडेबारा हजारांच्या आसपास जास्तीचे मृत्यू झाले, असा तिथल्याच संशोधकांचा हिशेब 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यांचे रस्ते तर आपल्यापेक्षा चांगले होते.

तेव्हा माझं मत असं: दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, दुभाजकात फट नाही, ट्रॅक्टर-दुचाकी चढत नाही, तिथे मोटारींना 120 राहू द्या. पुणे-सोलापूरसारख्या, गावाच्या अंगणातून जाणाऱ्या रस्त्यावर 100 वाढवायचं नाव काढू नका. उलट वस्तीजवळ ते कमी करा. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. त्याच कलम 112 च्या दुसऱ्या पोटकलमात राज्य सरकारला सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून एखाद्या ठरावीक रस्त्यावर कमी मर्यादा घालता येते. ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला कुणाची ना नसावी. ठरावात नुसती पाटी मागू नका. पाटी पाहून कुणी हळू होत नाही. भुयारी मार्ग मागा, सलग सर्व्हिस रोड मागा, फाट्यावर उजेड मागा. लोक दुभाजकातली फट हौसेने पाडत नाहीत. पलीकडे शेत असतं आणि वळायची जागा लांब असते, म्हणून पाडतात.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. लाल चकाकणारी पट्टी स्वस्त मिळते. हंगामात कारखान्यांच्या बाहेर ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा लागतात, ड्रायव्हर तासन् तास बसून असतात. मागच्या फळीवर धूळ पुसून पट्टी चिकटवायला पाच मिनिटं लागतात. ऊसतोडीचं माणूस बीडहून आलेलं असतं, रात्री त्याच ट्रॉलीच्या मागे त्याची बायको-पोरंही कधी कधी असतात. तो नाही म्हणत नाही.

व्हिडिओवरचा अंगठा मी काढून घेतला. टाकणाऱ्याने लगेच विचारलं, काय झालं रे? मी त्याला मामूंचं काही सांगितलं नाही, ते त्याला माहीत आहेच. म्हटलं, रविवारी संध्याकाळी सातला फाट्यावर ये, अर्धा तास नुसता उभा राहू, मग रांगेकडे जाऊ. येताना पट्टीचे दोन रोल आण. तो म्हणाला, येतो, पण गाडी मीच चालवणार.