कोंबड्या कशानं मेल्या?

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण थोडं लाजिरवाणं आहे. परवा पुण्याच्या भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, मामीच्या कोंबड्या मेल्या कशानं शेवटी?" त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून आता सगळं लिहूनच टाकतो.

आमच्या देऊळघाटात परसात चार कोंबड्या असणं ही काही विशेष गोष्ट नाही. सौ.च्या अकरा होत्या, सगळ्या गावरान. अंड्यांचा पैसा तिचा, आणि त्याचा हिशेब मी विचारायचा नाही, असा आमचा जुना करार आहे. नातवाच्या वह्या, माहेरच्या लग्नातला आहेर, एकदा तर माझ्या चष्म्याची काचसुद्धा त्याच पैशातून आली.

गेल्या पौषात, संक्रांतीला आठ दिवस असताना, सकाळी खुराडं उघडलं तर आत चार मेलेल्या. दुसऱ्या दिवशी पाच गेल्या. तिसऱ्या दिवशी उरलेल्या दोन माना वाकड्या करून बसल्या होत्या, दुपारपर्यंत त्याही गेल्या. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. मुंगसानं मारल्या असत्या तर खुणा दिसल्या असत्या. आठवड्यापूर्वी मी बाजारातून हौसेनं आणलेला कोंबडा तेवढा ठणठणीत. पहाटे नेहमीसारखा आरवला.

आता गंमत बघा. शेजारच्या वहिनींचं आणि आमचं आधीच वाजलेलं होतं. आमच्या कोंबड्यांनी त्यांचा मेथीचा वाफा उकरला होता, आणि त्यांनी मुंग्यांसाठी म्हणून वाफ्याच्या कडेनं पांढरी पावडर टाकलेली मी पाहिली होती. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मी त्यांच्या तोंडावर काही बोललो नाही, पण पारावर चौघांत म्हणालो, "पावडर टाकली की कोंबड्या मरायच्याच." गावात असं वाक्य संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या घरी पोचतं. संक्रांतीला सौ.नं सगळ्या घरी वाण दिलं, तेवढं एक घर सोडून.

आणि कोंबड्या? त्या मी खड्डा करून तिन्ही दिवस पुरून टाकल्या. म्हणजे ज्यावरून काही कळलं असतं तेच मातीत घातलं. इतकी वर्षं इतिहास शिकवला. साधनं तपासल्याशिवाय विधान करू नका, असं मुलांना बजावलं. आणि स्वतःच्या अंगणात विधान आधी केलं, साधनं पुरली.

संक्रांत होते न होते तोच वहिनींच्याही कोंबड्या मरायला लागल्या. त्या बाई चौथी शिकलेल्या. त्यांनी काय करावं? पहिली कोंबडी मेल्याबरोबर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून ती उचलली, दोन पिशव्यांत घातली, दुकानातून बर्फ आणून त्यात ठेवली आणि मुलाला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. नंतर त्यांनीच सांगितलं, "गुरुजी, कोंबडीसाठी नाही गेले. माझ्यावर आळ आला होता म्हणून गेले."

डॉक्टरांनी कोंबडी उघडून पाहिली. जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके होते. ते म्हणाले, बहुतेक राणीखेत. पण बर्ड फ्लूमध्येही असं दिसू शकतं, म्हणून नमुना पुढे पाठवतो. दहाएक दिवसांनी उत्तर आलं : राणीखेत, बर्ड फ्लू नाही.

राणीखेत म्हणजे आपली जुनी मानमोडी. हिरवट हगवण, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, मान पिळणं. कधी कधी तर काहीच न दिसता सरळ मरण. इंग्रजीत तिला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. लागण झाल्यापासून साधारण दोन ते पंधरा दिवसांत ती दिसते, बऱ्याचदा पाच-सहा दिवसांतच. थोडी प्रतिकारशक्ती असलेला पक्षी वरून धडधाकट दिसून इतरांना रोग देऊ शकतो. डॉक्टरांनी मला विचारलं, "नवीन पक्षी आणला होता का?" मी मान खाली घातली. बाजारातून आणलेला कोंबडा मी त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर कोंडला होता. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायला हवा होता. तेव्हा भाच्या, बहुधा तुझ्या मामानंच मारल्या रे!

नीट पाहिलं असतं तर विष नाही हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. विष खाल्लेल्या कोंबड्या बहुधा एकदमच मरतात. चार, मग पाच, मग दोन, अशी मरणाची रांग लागली की ती साथ समजावी.

ही गोष्ट माझ्या अंगणापुरती नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा आधी राणीखेतच म्हटलं गेलं. १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशातली ती पहिली नोंद. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात, सावदा-मारूळकडच्या परसातल्या कोंबड्यांत सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या पटापट मेल्या. तिथेही भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच नक्की कळलं. म्हणजे तज्ज्ञांनाही डोळ्यांनी पाहून खात्री देता येत नाही. मग पारावर बसून आपण कशी देतो?

आता दुसरी बाजूही खरी आहे. लोक कळवत नाहीत ते काही मूर्ख म्हणून नाही. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारतात. २०२१ साली अंड्यांच्या मोठ्या कोंबडीला भरपाई होती ९० रुपये. गावरान कोंबडीची बाजारातली किंमत आठवून बघा! आणि भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबडीची, रोगानं आधीच मेलेलीची नाही. तरीही मी म्हणेन, कळवावं. एक तर २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आला तर ग्रामपंचायतीला कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. दुसरं, राणीखेत निघाली, जशी आमची निघाली, तर बाकी गल्लीच्या कोंबड्या वाचवता येतात. आणि तिसरं माझ्या मते सगळ्यांत मोठं : कारण कळलं की माणसावरचा आळ जातो.

राणीखेतीवर लस आहे आणि ती महाग नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. अकरा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नाही. बचत गटानं थंडीच्या आधी एक दिवस ठरवावा, पहाटे खुराडी उघडण्याआधी गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना एकदम लस द्यावी. पोलिओचे थेंब आपण असेच दिले की नाही?

आणि तरीही मेल्याच, तर तीन गोष्टी. उघड्या हातानं शिवू नका, घरी फाडू नका, नाल्यात फेकू नका. सगळ्या पुरण्याआधी डॉक्टरांना कळवा आणि एक तरी ताजी कोंबडी बर्फात ठेवून दाखवा. आणि उत्तर येईपर्यंत कुणाचं नाव घेऊ नका.

अहवाल आला तेव्हा रथसप्तमीला दोन-तीन दिवस होते. संक्रांतीचं हळदीकुंकू तोवर चालतं, हे माझं नशीब. सौ. वाण घेऊन निघाली, मी तिळगुळाचा डबा घेऊन मागोमाग. वहिनींच्या दारात उभा राहून म्हणालो, "वहिनी, चुकलो." नंतर पारावरही त्याच चौघांसमोर तेच म्हणालो. ते दारातल्यापेक्षा अवघड गेलं. वहिनींनी तिळगूळ घेतला. "बसा गुरुजी, चहा ठेवते," म्हणाल्या. गोड बोला, असं मात्र त्या काही म्हणाल्या नाहीत. ते मी समजू शकतो.

आता दोन्ही घरची मिळून नवी पिल्लं आणलीत, एकोणीस. थेंब दिलेत. मेथीच्या वाफ्याला मी स्वतः जाळी ठोकून दिली आहे.

असो. तुमच्याकडे मानमोडीला काय म्हणतात, आणि असा कुणावर आळ आल्याचं आठवतं का, जरूर कळवा.