अठरा वर्षे पूर्ण होतात, पुढे काय?

कारवारहून अणशी घाट चढून जोयड्याकडे निघाले की वाटेत कुंभारवाडा लागतो. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, विखुरलेल्या वाड्या आणि मोजक्या बसगाड्या. येथील दिव्यांग विद्यार्थ्याची शाळा संपते, तेव्हा त्याची परीक्षा खऱ्या अर्थाने सुरू होते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम 31 सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाची हमी देते. ही हमी 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आहे. अठरावे सरले की हमी संपते. कलम 19 मध्ये व्यावसायिक प्रशिक्षण व स्वयंरोजगाराच्या योजनांचा उल्लेख आहे. मात्र तयारी कोणत्या इयत्तेपासून आणि कोणी सुरू करायची, हे तेथे सांगितलेले नाही. अमेरिकेत विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शैक्षणिक आराखड्यात पुढील शिक्षण, नोकरी व स्वतंत्र जीवनाची उद्दिष्टे नोंदवणे शाळेला बंधनकारक आहे. आपल्याकडे ही जबाबदारी बहुधा आईच्या पदराला बांधलेली असते.

नोकरीचे गणितही सरळ नाही. सरकारी पदांत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातील एकेक टक्का दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग या गटांचा. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार व बहुविकलांगता यांची दाटी. शिवाय पदाची शैक्षणिक अट कायम. दहावीपाशी थांबलेल्याला त्याचा उपयोग किती?

पालकत्वाचा मुद्दा तर अनेकांच्या ध्यानीही येत नाही. मूल सज्ञान झाले की आईवडिलांचा कायदेशीर अधिकार आपोआप टिकत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. बँकेच्या काउंटरवर अडल्यावर हे कळणे फार उशिराचे ठरते.

शेजारच्या गोव्यात पर्वरीचे संजय सेंटर, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्था आहेत. जानेवारी 2023 पासून पणजीत पर्पल फेस्टही भरतो. उत्सवाने दृष्टी बदलते, हे खरेच. पण व्यासपीठावर टाळ्या घेणारा तरुण सोमवारी सकाळी कोठे जातो, हा प्रश्न गोव्यालाही चुकलेला नाही. अंतर कमी असल्याने तेथे तो निदान सोडवता येण्याजोगा आहे.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता ही सोय आहे आणि पंचायत निधीतील 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखीव असतो. तीनचाकी वाटली की निधी संपला, असे मानण्याऐवजी त्यातून प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलाचा आणि सोबत्याचा प्रवासखर्च भागवता येईल का, हे पंचायतीने तपासावे. आठवीतच शाळा व कार्यकर्त्याने मिळून दाखला, ओळखपत्र, पालकत्व आणि पुढील वाट यांची नोंद ठेवली, तर त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. जोयडा तालुका पंचायतीच्या पुढील सभेत हा विषय निघतो का, हे पाहावे लागेल.