परसातला गुंठा कोणाचा?

अलिबागपासून मांडव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत परसबागेला मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. २०२० मध्ये मुंबईहून मांडव्याला मोटारी वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांतून गांडूळखत, विषमुक्त भाजी व साधी राहणी यांची चर्चा अधिकच रंगू लागली. बंगल्याच्या मालकाने साधे राहावे, याला कोणाची हरकत असणार? परंतु त्या बागेतील वांग्यांना पाणी घालणारा माणूस बहुधा त्याच गावचा असतो, आणि ज्या जमिनीत तो रोजंदारीवर राबतो ती पूर्वी त्याच्याच भावकीची होती, असेही पुष्कळदा आढळते.

स्वावलंबनाची विद्या अष्टागराला कोणी बाहेरून येऊन शिकवावी, अशी स्थिती कधीच नव्हती. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा येथील वाडी म्हणजे विहीर, पाट, नारळ-पोफळी, त्यांच्या सावलीत केळी नि अळू, आणि पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल. येथील माती पुळणीची. ओतलेले पाणी क्षणात खाली जाते आणि खताचा कसही बरोबर घेऊन जाते. म्हणून वाडीतला कचरा वाडीतच जिरवणे हा येथे छंद नसून गरज आहे. गळलेली झावळी आळ्यात पसरली की ओल धरते आणि सावकाश कुजून मातीला मिळते. नारळाची सोडणे बुंध्याभोवती पुरली की तीच पाणी साठवतात. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, मासळीची डोकी-आतडी, सारे अखेर झाडाच्या मुळाशीच जाते.

मात्र हा कचरा मिळवण्यालाही हक्क लागतो, ही गोष्ट सेंद्रिय शेतीवरील व्याख्यानांत क्वचितच निघते. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी, म्हणजे राबासाठी, कोकणातला शेतकरी डोंगरावरून टहाळ, पाला व गवत आणीत असे. इंग्रज सरकारच्या जंगल खात्याने त्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे व कुलाबा (१९८१ पासूनचा रायगड) या जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला चौकशी कमिशन नेमणे भाग पडले. पाला जाळण्यापेक्षा कुजवावा, असे शेतकीशास्त्र आज सांगते आणि ते योग्यही आहे. पण जाळायचा असो वा कुजवायचा, आधी तो हाती यावा लागतो.

डाव्या चळवळीने या विषयाकडे पाठ फिरवली, त्याला कारण आहे. परसबाग म्हटली की आश्रम, सूतकताई आणि संघर्षातून काढलेली पळवाट असेच चित्र कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे येते. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचा पवनारचा कांचनमुक्तीचा प्रयोगही याच समजुतीने बाजूला सारला गेला. आक्षेप अगदीच पोकळ नाही. 'घरांचा प्रश्न' या आपल्या लिखाणाच्या दुसऱ्या आवृत्तीला एंगल्सने १८८७ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत जर्मनीतील घरगुती उद्योगांचे विवेचन आहे. कामगाराला स्वतःचे घर आणि भाजीपाल्याचा तुकडा असतो, म्हणूनच मालक त्याला कमी मजुरीवर राबवतो. बागेत जे पिकते तेवढे मजुरीतून कापले जाते, असे तो दाखवतो. घरचे तांदूळ आहेत, मग एवढी मजुरी कशाला, हा युक्तिवाद रायगडच्या मजुरालाही अपरिचित नाही.

परंतु याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. हा इतिहास सभांतून सांगितला जातो. इतके पावसाळे भात हाती नसताना चुली कशा पेटल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. लोकांनी जंगलातली लाकडे तोडून मोळ्या विकल्या, उपासमार सोसली. मालकाचा भरवसा कुळाच्या रिकाम्या मडक्यावर असतो. ज्या परसात भोपळ्याचा वेल, शेवगा, सुरण आणि दोन नारळ आहेत, ते घर आठ-पंधरा दिवस अधिक तग धरते. एंगल्सचा इशारा असंघटित कामगारापुरता खराच आहे. संघटना पाठीशी असेल तर तोच तुकडा संपाची शिदोरी होतो.

आणि तुकडाच मोडला तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने बागायतीची भरपाई वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. हेक्टरात जवळजवळ १०० गुंठे, म्हणजे पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार! उन्मळलेली झाडे बाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागणे कठीण. झाडागणिक भरपाई द्या, ही वाडीवाल्यांची मागणी म्हणूनच रास्त होती. पण वाडीत शिंपणे करणारा आणि पोफळीवर चढून सुपारी उतरवणारा मजूर? त्याच्या नावावर एकही झाड नव्हते, त्यामुळे कोणत्याही दराने त्याच्या पदरात काही पडणार नव्हते.

केरळात १९७० पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणांनी पंचायत हद्दीतील झोपडीवासी शेतमजुराला झोपडीभोवतीची दहा सेंट जमीन नाममात्र किमतीत घेण्याचा हक्क दिला. त्यासाठी मजुरांना रस्त्यावर उतरून लढावे लागले. रायगडात गावठाणालगतच्या पडीक जमिनीतून भूमिहीन घरातील बाईच्या नावे असा तुकडा, विहिरीच्या पाण्यात वाटा, आणि बाजारातील मासळी-भाजीचा कचरा कुजवून होणारे खत आधी त्या तुकड्यांना, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडण्यास काय हरकत आहे? दहा सेंट म्हणजे चार गुंठे. तेवढ्यात सात नारळ बसतात, मध्ये केळी आणि कडेला अळूचा वाफा.