वकिली हे कोणाचे वतन नव्हे!

नाशकात 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. पण हायकोर्टाची सनद मिळण्यास 1921 साल उजाडले. 1916 साली कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहा यांस परत पाठविले. कारण काय, तर कायद्यातील 'इसम' या शब्दात बाई येत नाही! अखेर 1923 साली कायदा होऊन ही अडचण दूर झाली.

पण वतन मोडले काय? आज शेतकऱ्यांच्या, सुतार-लोहारांच्या मुली काळा कोट घालून तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहतात. ज्याला बापाची कचेरी वारशाने मिळाली, तो चार वर्षे फुकट उमेदवारी करील. कुणब्याच्या लेकीने खोलीचे भाडे कोठून भरावे? बार कौन्सिलने 2024 साली नव्या वकिलांस दरमहा शहरात 20,000 व खेड्यात 15,000 रुपये द्यावे, अशी शिफारस केली. शिफारशीने पोट भरत नाही. आम्ही म्हणतो, हे सक्तीचे करा!

बंधूंनो, दोष आपल्या घरातही आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हिस्सा दिला. तरी आपण गोड बोलून तिची हक्कसोडपत्रावर सही घेतो. सहीपूर्वी तो कागद वाचून दाखविणारी वकीलबाई गावातच असेल, तर तिला कोण फसवील? लग्नासाठी कर्ज काढता, तोच पैसा लेकीच्या शिक्षणास लावा.