आधी तिथी, मग रजा

परवा नातवाचा फोन आला. "आजी, यंदाही कर्लीच्या खाडीत कयाक चालवायला जाऊ. शनिवारी दुपारी बाराला पाण्यात!" मी विचारले, "तिथी कोणती?" तो हसला. त्याला वाटले, आजीचा उपास असणार.

गेल्या जानेवारीत देवबागला गेलो, तेव्हा मीही तिथी विचारली नव्हती. पाणी अगदी संथ दिसत होते. दुपारी निघालो, ते थेट समुद्राच्या दिशेने. वल्हे मारायचेही श्रम नाहीत. किती सोपे, असे सगळ्यांना वाटले. परत फिरलो तेव्हा कळले! कितीही वल्हवा, काठावरचा तोच माड समोर. सूनबाईला पोहता येत नाही, आणि उकडते म्हणून तिने लाईफ जॅकेटचे पट्टे सोडलेले. शेवटी एका होडीवाल्याने दोर टाकून आम्हाला ओढून आणले. त्या दिवशी अमावास्या होती. इतकी वर्षे फळ्यावर उधाणाची आकृती काढली, पण प्रत्यक्ष पाण्यात ती ओळखता आली नाही. याची लाज अजून वाटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नवशिक्यांनी सहल सुट्टीप्रमाणे नाही, भरतीप्रमाणे ठरवावी. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. शिवाय अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे, त्यामुळे ओढही कमी. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी आणि तिथल्या मच्छीमारांना विचारावी.

अशा दिवशी भरतीच्या तासभर आधी निघावे, मुखाकडे पाठ करून आत कांदळवनाच्या बाजूला. चढते पाणी आत नेते, भरती पूर्ण झाली की वळावे, उतरते पाणी परत आणते. फार उशीर केला तर अरुंद फाट्यात कयाक चिखलात बसते. सकाळी वाराही कमी असतो. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात.

मुले म्हणतात, "लाईफ जॅकेट असतंच की!" असते, पण पट्टे आवळलेले असतील तरच त्याचा उपयोग. आणि पल्ला किती, हे ठरवताना गटातल्या सर्वांत दमणाऱ्या माणसाकडे बघावे. वर्गात कच्च्या मुलाला धरूनच धडा पुढे न्यावा लागतो, तसेच हे.

असो. नातवाने पंचांग पाहिले. एकादशी मंगळवारी आहे. त्याने मंगळवारची रजा टाकली आहे. शेंगदाण्याचे लाडू माझ्याकडे लागले!