हिरवा दिवा

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा व्यापारी आपल्या धाराशिव जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, बँकेच्या खिडकीशी, विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते हमखास कानी पडते आणि अवकाळी पाऊस सोसावा तसे आपण ते निमूटपणे सोसतो. परंतु सर्व्हर म्हणजे दैव नव्हे. त्यालाही उघडण्याची रीत आहे, तपासण्याची रीत आहे, आणि ती चुकली म्हणजे काय होते हे एकदा साऱ्या देशाने पाहिले आहे.

दि. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, सर्व व्यवहार थांबले. शेजारचा बीएसई मात्र चालू होता. दुपारी साडेतीनची नित्याची वेळ उलटून गेल्यावर, पावणेचारला बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. तोवर अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाने मिटवून टाकले होते. पुढे दिलेले कारण असे, की दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या विस्कळीत झाल्या आणि त्यामुळे सौद्यांची जोखीम मोजणारी यंत्रणा अनुपलब्ध झाली. जोखीम न मोजता सौदे होऊ देणे म्हणजे ऐपत न पाहता उधारीवर माल देणे. तेव्हा बाजार थांबविणे योग्यच होते. खटकणारी गोष्ट निराळी. अशाच प्रसंगासाठी चेन्नईला उभारलेले पर्यायी केंद्र त्या दिवशी वापरात आले नाही.

एवढा मोठा कारभार एका यंत्रावर चालत नाही. अनेक सर्व्हरांचा समूह तो चालवितो. हा समूह सुरू करण्याचा क्रम आपल्या पेढीसारखाच आहे. आपण आधी तिजोरी उघडतो, मग वह्या गादीवर येतात, दिवाणजी कालची शिल्लक ताडून पाहतात आणि त्यानंतर गिऱ्हाईक आत येते. तेथेही प्रथम माहितीचा साठा आणि यंत्रांना जोडणारे जाळे, त्यानंतर नोंदी सांभाळणारी यंत्रणा, तिच्यावर कामकाजाची प्रणाली आणि सर्वांत शेवटी बाहेरच्यांसाठी दार. घाईने दार आधी उघडले, तर गिऱ्हाईक येते आणि वही मात्र जागेवर नसते.

सुरू झाल्यावर ही यंत्रे परस्परांना सतत ‘मी आहे’ असा संकेत धाडीत राहतात. याला हार्टबीट म्हणतात. एखाद्याचा संकेत थांबला, की दुसरे त्याचे काम उचलते. ऐकायला सोपे वाटते. पण खरी मेख येथेच आहे. संकेत थांबला म्हणजे यंत्र मेले, की केवळ मधली तार तुटली? समजा, दोघे भाऊ एकाच पेढीच्या दोन दुकानांत बसले आहेत आणि फोन बंद पडला. प्रत्येकाला वाटले, दुसरा नाही, आता कारभार माझा. दोघांनी एकाच खातेदाराची एकच शिल्लक दोनदा देऊन टाकली. संध्याकाळी दोन रोजकीर्दी समोर येतात, दोन्ही प्रामाणिक आणि दोन्ही मिळून चुकीच्या. यावर उपाय गणपूर्तीचा. पतसंस्थेच्या संचालकांना तो सांगावयास नको. ज्या बाजूला निम्म्याहून अधिक यंत्रे, तिनेच निर्णय घ्यावा, उरलेल्यांनी हात आवरावा. म्हणूनच समूहात यंत्रांची संख्या बहुधा विषम ठेवतात. शिवाय संशयित यंत्राची वीज आधी तोडायची आणि मगच त्याचे काम हाती घ्यायचे, असाही एक कठोर नियम पाळतात. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. भागीदारी मोडताना कित्येक घरांनी तो पाळला असता तर!

प्रकृती तपासण्याचेही थर आहेत. यंत्र चालू आहे का, हा पहिला प्रश्न. विचारल्यावर ते उत्तर देते का, हा दुसरा. उत्तर खरे आणि आजचे आहे का, हा तिसरा. बहुतेक ठिकाणी पहिल्यावरच समाधान मानले जाते. आमच्याकडेही तसेच झाले.

आमचे अडतीचे दुकान. हिशोबासाठी दोन छोटे सर्व्हर घेतले होते. पहिला कामाचा, दुसऱ्यावर रोज रात्री पहिल्याची नक्कल. ऐन सोयाबीनच्या हंगामात, परतीच्या पावसात रात्री विजेचा खेळ झाला आणि सकाळी पहिला उठेना. पुतण्या म्हणाला, “काका, काळजी करू नका, दुसऱ्याचा दिवा हिरवा आहे.” दिवा हिरवा होताच. पण उघडून पाहिले तर शेवटची नोंद अक्षय्य तृतीयेची! जागा भरल्यामुळे नक्कल पाच महिन्यांपूर्वीच थांबली होती. रोज रात्री प्रयत्न होई, फसे आणि तसे एका यादीत लिहिलेही जाई. ती यादी कोणी उघडली नव्हती. बसवून देणाऱ्याने ती दाखविली नाही आणि आम्ही विचारली नाही.

एकोणीस दिवस आम्ही कार्बन प्रतींवरून खाती उभी केली. त्यात एक शेतकरी आला. मुलीच्या लग्नासाठी त्याने पट्टीची रक्कम आमच्याकडेच ठेवली होती. त्याच्याजवळ चिठ्ठी नव्हती, आमच्याजवळ नोंद नव्हती. त्याने आकडा सांगितला, वडिलांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “देऊन टाक.” पुढे कार्बन प्रत सापडली. त्याने सांगितले होते त्यापेक्षा बाराशे रुपये अधिक निघत होते. ते पोहोचते केले, पण त्या दिवसापासून हिरव्या दिव्यावरचा माझा विश्वास उडाला.

शेअर बाजारानेही आपला धडा घेतला. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रासह शक्य त्या मार्गाने काम पूर्ववत करावे. हे पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात असावे, अशीही अपेक्षा आहे. मुंबईच्या माणसाला ती कागदी वाटेल. उमरगा-लोहाऱ्याकडच्या माणसाला वाटणार नाही. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी-सास्तूरचा आपला पट्टा नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता.

पुढे शनिवारी, दि. २ मार्च २०२४ रोजी, सुटीच्या दिवशी मुद्दाम बाजार भरविला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून. सौदे खोटे नव्हते, खऱ्या पैशांचे होते. सराव असाच हवा. रिकाम्या पोत्यांवर काटा तपासून काय उपयोग?

आम्ही त्याचीच छोटी नक्कल करतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता पुतण्या मुख्य यंत्राची वायर स्वतः काढतो. तासभर साऱ्या पट्ट्या दुसऱ्या यंत्रावर होतात आणि कोणत्याही एका खातेदाराची आदल्या दिवसाची शिल्लक कागदाशी ताडून पाहतो. पहिल्या खेपेला दुसरे यंत्र कामाला लागेपर्यंत चाळीस मिनिटे गेली, हमाल-तोलाईची माणसे ताटकळली आणि वडील रागावले. परवाच्या शनिवारी सतरा मिनिटे लागली. शिल्लक जुळली; छपाईयंत्राने मात्र दुसऱ्या सर्व्हरला ओळख दिली नाही, म्हणून तासभर पट्ट्या हाताने लिहिल्या.