जंगलात जायचे, ते कोणाच्या गरजेसाठी?

आपल्या मंडळाच्या गेल्या काही बैठकांत एक प्रस्ताव पुनःपुन्हा पुढे येत आहे. सभासदांनी उत्तरेकडील एखाद्या अरण्यात, शक्यतो मेळघाटात, वनसंवर्धनाच्या स्वयंसेवेसाठी जावे, असा तो प्रस्ताव. तो स्तुत्य आहे आणि मी त्याचा समर्थकही आहे. परंतु गाडीचे आरक्षण आणि निवासाची चौकशी सुरू होण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय व्हावा, असे मला वाटते. हा प्रवास आपल्यासाठी आहे की जंगलासाठी? दोहोंत गैर काहीच नाही. मात्र सहलीला सेवेचे नाव देऊ नये.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगांत घाटांचा जेथे मेळ झाला आहे, तो हा प्रदेश. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या येथले पाणी तापीला नेतात. अरण्य मुख्यतः सागाचे, उन्हाळ्यात पर्णहीन होणारे. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ कोणाला न आढळलेला रानपिंगळा १९९७ साली नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने येथे सेवा केली. मराठी वाचकाला या रानाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे ती बुद्धपौर्णिमेची रात्र. मचाणावर बसायचे, पाणवठ्यावर येणारे प्राणी चांदण्यात मोजायचे. हा अनुभव अविस्मरणीय असतो, यात शंका नाही. पण त्याला वाघांची गणना म्हणणे आता योग्य नाही. पूर्वी वाघ पाऊलखुणांवरून मोजत असत. सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून दर चार वर्षांनी स्वयंचलित कॅमेरे, खुणांची पाहणी आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे अंदाज काढला जातो. २००६ मध्ये देशातील वाघांचा अंदाज १,४११ होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला. या आकड्यांत मचाणावरच्या पाहुण्यांचा वाटा नाही. तो आहे उन्हातान्हात ठरलेल्या वाटा पायी तुडविणाऱ्या वनरक्षकांचा आणि वनमजुरांचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात अशाच पाहणीच्या कामावर असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हा ‘गणनेला जाऊन आलो’ असे म्हणताना आपली जीभ थोडी अडखळली पाहिजे.

मग जंगलाला आपला उपयोग तरी काय? माझ्या मते, आहे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषांवरचा पालापाचोळा झाडून काढावा लागतो. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची पाने पेटविली जातात, ती आग पसरते आणि शेकडो हेक्टर रान जळून जाते. स्वच्छ जाळरेषा ही आग अडविते. पाणवठ्यांतला गाळ काढणे, घाणेरीसारखी परकी झुडपे उपटणे, यात्रामार्गांवरचे प्लास्टिक गोळा करणे ही कामेही हातांची वाट पाहत असतात. त्यांत छायाचित्रे काढण्याजोगे फारसे काही नाही. ही कामे फेब्रुवारीत होतात, मे महिन्यातील पौर्णिमेला नव्हे. आपली तारीख पंचांगावरून न ठरविता कामावरून ठरवावी, हा माझा पहिला आग्रह.

दुसरा आग्रह आपल्या व्यवसायाविषयी. डॉक्टरांचे पथक जंगलात जाते, तेव्हा त्याने केवळ झाडू हाती घ्यावा, हे ज्ञानाचे नुकसान आहे. दूरच्या संरक्षण कुट्यांत राहणाऱ्या वनमजुरांचा रक्तदाब कोण मोजतो? त्यांची दृष्टी कोण तपासतो? सर्पदंशानंतर दोरी करकचून बांधू नये, जखम कापू नये, अवयव स्थिर ठेवून रुग्णाला उचलून न्यावे, हे त्यांना प्रात्यक्षिकासह दाखविता येईल. बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. सापाने सोडलेले विष मुलाचे वजन पाहून कमी होत नाही. म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलालाही मोठ्याइतकीच लागते. ही एवढी माहिती योग्य ठिकाणी पोहोचली, तरी एखादे घर वाचेल.

मेळघाटाचे नाव माझ्यासारख्याला वाघामुळे आठवण्याआधी कुपोषणाने आठवते. १९९३ साली तेथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. पावसाळ्यात अतिसार आणि न्यूमोनिया हे आधीच खंगलेल्या बाळाला गाठतात, हे कारण तेव्हाही होते आणि आजही आहे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडात दीर्घकाळ वास्तव्य करून काय साधता येते, ते दाखविले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने १९९७ पासून पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या आळीपाळीने पाठविल्या. एक तुकडी परतते, दुसरी येते, काम मात्र खंडित होत नाही. सुटीपुरता वेळ देऊ शकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अनुकरणीय आहे. एका दिवसाचे शिबिर घेऊन, जंतनाशक गोळ्या वाटून, फलकासह छायाचित्र काढून परतणे याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या बाळाचे वजन आपण करू, त्याचे पुढच्या महिन्यात वजन कोण करणार, याचे उत्तर नसेल तर काटा घेऊन जाऊ नये. शिवाय आपली नोंदणी कर्नाटकाची. तेथे जे करायचे ते स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या छत्राखाली आणि त्यांनी सांगितले तेवढेच.

भाषेचाही विचार हवा. मराठी मंडळी महाराष्ट्रात जाणार म्हणजे अडचण नाही, असे आपण गृहीत धरतो. पण तेथील कोरकूंची भाषा मराठीशी नाते सांगत नाही, ती मुंडा कुळातली आहे. दुभाषी म्हणून तिथलीच आशाताई सोबत हवी आणि तिच्या दिवसाचे मानधन आपल्या अंदाजपत्रकात हवे.

काही सभासद विचारतात, दांडेलीचे जंगल धारवाडहून दीड-दोन तासांवर असताना इतके दूर कशाला? हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प २००७ चा, आज त्याचे नाव काळी. जोयड्याच्या रानात राहणारे गवळी धनगर आपल्यासारखेच मराठी बोलतात. म्हणून माझी सूचना अशी की पहिले वर्ष काळीच्या रानात काढावे. वनखात्याला लेखी विचारावे, सांगतील ते काम करावे आणि त्यात टिकून राहतील अशा आठ-दहा जणांनीच पुढे मेळघाटाचा विचार करावा. गोचिडींपासून मात्र सावध राहावे. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात आढळलेला क्यासनूर ज्वर गेल्या दशकात गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला आहे. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ.

मेळघाटासाठी अमरावतीच्या क्षेत्र संचालक कार्यालयाला पत्र लिहिताना आपण कधी येऊ शकतो हे आधी लिहू नये. तुम्हाला काय हवे आहे, हे विचारावे. उत्तरास विलंब लागेल. कदाचित ‘यंदा गरज नाही’ असेही उत्तर येईल. ते आले तर मान्य करावे आणि जमलेला निधी तेथे वर्षभर राबणाऱ्या संस्थेकडे पाठवावा. आपण न गेल्याने जंगलाचे काम अडत नसेल, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काय आहे? रुग्णाला जी तपासणी नको, ती आपण करीत नाही. हाच संयम अरण्याच्या बाबतीतही पाळावा, एवढीच सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती.